रश्शातलं दगडफूल

कोल्हापुरातल्या एका कारखान्याचा कांदा-लसूण मसाला अचानक फिका पडला आणि सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागले. मसाल्याचं प्रमाण संगणकातल्या फाइलमध्ये असायचं. ती वाचून सगळीकडून झाकलेलं यंत्र आपोआप जिन्नस मिसळायचं; आत काय पडतंय ते कुणाला दिसायचं नाही. फाइलची प्रत्येक जुनी आवृत्ती जपलेली होती, त्यामुळे कुणीतरी एक जिन्नस गाळलाय हे संगणक सांभाळणाऱ्या नंदिनीला लगेच दिसलं. पण अख्खं ऑफिस एकाच नावाने, एकाच पासवर्डने काम करायचं. मग नाव कुणाचं घेणार?

"चोर घरातलाच आहे!" मॅनेजर जगदाळे गरजले. "फाइल हिच्या ताब्यात. हिलाच काढा, शकूताई."

मालकीण शकूताईंनाही ते पटायला लागलं होतं.

"जुनी फाइल परत आणता येते, ताई," नंदिनी म्हणाली. "काय बदललं होतं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. उद्या रस्सा करते, चव तुम्हीच बघा."

दुसऱ्या दिवशी जगदाळेंनी पहिला भुरका मारला आणि ऐटीत मान डोलावली. "वा! दगडफूल परत आलं की लगेच कळतं. या जिभेला कोण फसवणार?"

शकूताईंनी वाटी खाली ठेवली. "मला तर कालच्यासारखाच फिका लागतोय."

"फिकाच आहे, ताई. जुनी फाइल मी अजून परत आणलेलीच नाही." नंदिनी जगदाळेंकडे वळली. "साहेब, या रश्शात दगडफूल नाहीच. मग ते गेलं होतं, हे तुमच्या जिभेला कुणी सांगितलं? बोटांनी?"