टाचेची रेघ

जाळीकडे पाठ करून उभ्या राहणाऱ्या माणसानं भरवसा ठेवायचा तरी कोणावर, सांगा बघू?

कुरामोचीला हाच घोर लागला होता. जपानातल्या एका बंदराच्या गावचा फुटबॉल क्लब, त्याचा हा गोलरक्षक. वय चौतीस, त्यातली चौदा वर्षं याच पेशात. शनिवारी हंगामाचा शेवटचा सामना. हरले तर क्लब खालच्या श्रेणीत जाणार, आणि कुरामोचीचा करारही तिथंच संपणार.

म्हणून तो ओनोदेरा सेन्सेईंकडे, आपल्या जुन्या गुरुजींकडे, आला. लहानपणी गोलात उभं राहायला यांनीच शिकवलेलं. आता म्हातारपणी ते एका शाळेच्या मैदानाची निगा राखत.

"सेन्सेई, उजवीकडे ठेवू तरी कोणाला?"

सेन्सेई चुन्यानं मैदानाच्या रेषा आखत होते. मान वर केली नाही.

"का? सुगिउरा आहे ना बचावाला?"

"त्याला बाहेर बसवलं. मीच सांगितलं प्रशिक्षकांना. त्याच्याच बाजूनं गोल होत होते."

"बरं, मग?"

"मग नोमोतो आला. तरी उजवीकडेच..."

कुरामोचीनं पिशवीतून वही काढली. झालेला प्रत्येक गोल तो तिच्यात टिपून ठेवायचा: तारीख, मिनिट, कोपरा, आणि चूक कोणाची. मोठा टापटिपीचा माणूस. अक्षर असं, की छापलंय की काय वाटावं.

एप्रिलपासून अकरा गोल. दहा उजव्या कोपऱ्यात. 'चूक कोणाची' या रकान्यात सात वेळा सुगिउरा, तीन वेळा नोमोतो.

"आणि हा अकरावा?"

"तेव्हा वारा होता."

"मग वाऱ्यालाही बाहेर बसवलंस का रे?"

कुरामोची हसला नाही. त्याची बोटं हातमोजा पिळत होती.

"जा, उभा राहा गोलात."

तो गेला. सवयीनं एकदा डावा खांब पाहिला, एकदा उजवा, आणि गोलरेषेलगत गवतात टाच घासून रेघ ओढली. गोलरक्षकांचा हा जुना रिवाज. ऐन सामन्यात मागं वळून बघायला सवड कुठली? पायाखालची रेघ दिसली, की गोलाचा मध्य कळला.

सेन्सेईंनी आखणीचा दोर या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून मापला. मग कापडवाला थान दुमडतो तसा बरोबर निम्मा दुमडला. दोन्ही टोकं डाव्या खांबाशी कुरामोचीच्या हातात दिली, आणि घडी गोलरेषेवरून ओढत आणली.

घडी त्या रेघेपाशी थांबली नाही. वीतभर पुढं गेली, उजवीकडे.

"दोर ओला असेल," कुरामोची म्हणाला.

सेन्सेईंनी दोर पुन्हा मापला. पुन्हा दुमडला.

वीतभरच.

"चौदा वर्षं अशीच रेघ मारतोय मी, सेन्सेई!"

"डावा खांदा कधीपासून दुखतोय?"

बंदरात कुठल्याशा बोटीचा भोंगा वाजला.

"कोणालाच सांगितलं नाही मी." आवाज एवढासा झाला होता. "क्लबच्या डॉक्टरांनाही नाही. डावीकडे लांब झेप घेतली, की कळ येते... म्हणून बहुतेक त्या बाजूला जरा सरकत गेलो... पण मुद्दाम नाही हो केलं!"

"कधीपासून?"

"...एप्रिल."

सेन्सेई दोर गुंडाळू लागले.

"आता सांगितलं, तर शनिवारी माझ्या जागी दुसरा उभा राहील. चौदा वर्षं अशी बाकावर बसून संपतील. आणि नाही सांगितलं, तर..." कुरामोची खांबाला टेकला. "तुम्हीच सांगा, सेन्सेई. खेळू की नको?"

"सुगिउराला मुलं किती?"

"दोन. जुळ्या मुली."

"त्याचा करार?"

"...माझ्याबरोबरच संपतो."

सेन्सेईंनी वही उघडून एप्रिलचं पान काढलं. कानावरची पेन्सिल कुरामोचीच्या हातात ठेवली आणि चुन्याचा डबा उचलला. रेषा अर्धीच राहिली होती.

"शनिवारचं तू ठरव, बाबा. वहीतला हिशेब तेवढा खरा ठेव."