उंबरटेकची टाकी आणि तक्रार शुल्क

उंबरटेक नावाच्या एका लहानशा शहराला त्र्यंबकराव नावाचे नगराध्यक्ष होते, आणि दर सोमवारी त्यांचं डोकं दुखायचं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. उंबरटेकला पूर्वी पाणी नव्हतं. उन्हाळा आला की बायका पार खालच्या ओढ्यापर्यंत जायच्या आणि भरलेल्या घागरी घेऊन चढण चढायच्या. त्र्यंबकरावांच्या पत्नी वत्सलाबाई एकदा त्या चढणीवर घागरीसकट पडल्या. हात मोडला तो कायमचा अधू झाला. त्या दिवशी त्र्यंबकरावांनी ठरवलं, टेकडीवर टाकी बांधायचीच. मग त्यांनी सरकारदरबारी खेटे घातले, साहेब लोकांच्या दारात ताटकळले, वर्षानुवर्षं हेच केलं. शेवटी टाकी झाली, घरोघरी नळ आले. ज्या दिवशी पहिलं पाणी आलं त्या दिवशी वत्सलाबाई नळाखाली हात धरून रडल्या होत्या. त्र्यंबकरावांनी आयुष्यात केलेलं एवढं एक काम, पण ते काम डोंगराएवढं होतं.

लोकांनी त्यांना अध्यक्ष केलं ते त्यामुळेच. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी एक पायंडा पाडला. दर सोमवारी सकाळी ते नगरपालिकेच्या ओसरीवर बसायचे. ज्याला जे सांगायचं असेल त्यानं यावं, समोर बसावं आणि सांगावं.

आणि लोक सांगायला लागले! अहो, काय काय सांगायचे! वामन शिंपी दर सोमवारी यायचा. शेजाऱ्याचा कोंबडा फार लवकर आरवतो, ही त्याची तक्रार. कोंबड्याला नगराध्यक्षानं काय करावं? एकाच्या खाटेवर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडायचा. दुसऱ्याच्या खाटेवर पडत नाही म्हणून दुसरा यायचा. रस्ता खराब आहे म्हणून एक आळी रडायची. तो नीट केला, तर आता गाड्या भरधाव जातात म्हणून तीच आळी पुन्हा दारात हजर! एका गृहस्थांना नगरपालिकेच्या घड्याळाचे ठोके पटत नव्हते.

त्र्यंबकराव आधी हसून ऐकायचे. मग नुसतं ऐकायला लागले. मग कपाळ दाबून धरत ऐकायला लागले. दिवाळीनंतरच्या सोमवारी वामन शिंपी पुन्हा आला, मांडी ठोकून बसला आणि म्हणाला, "रावसाहेब, त्या कोंबड्याचं काय झालं?"

बस्स. त्र्यंबकराव ताडकन उठले.

"कापून खा त्याला!" ते ओरडले. "जीव खाल्लात माझा! फुकट आहे ना, म्हणून येता. पैसे पडले असते तर एक जण फिरकला नसता!"

रागात माणूस काहीही बोलतो. बोलून गप्प बसला तर ठीक. पण त्र्यंबकरावांना स्वतःचं बोलणं पटलं. त्यांनी लगेच सभा बोलावली.

उंबरटेकच्या नगरपालिकेची एक रीत होती. सभेत पोहे यायचे, आणि पोहे यायच्या आत जे विषय निघतील ते सर्वानुमते मंजूर व्हायचे. त्या दिवशी पोह्यांवर शेव होती, वासही सुटला होता. त्यामुळे कुणालाच फाटे फोडायचे नव्हते.

ठराव असा झाला: ज्याला तक्रार करायची आहे त्यानं आधी तक्रार शुल्क भरावं.

एका नगरसेवकानं भीत भीत विचारलं, "पण तक्रार खरी असली तर?"

"खरी आहे की नाही ते बघायला माणूस पाठवावा लागेल," पोतनीस म्हणाले. हे पोतनीस म्हणजे नगरपालिकेचे मुख्य कारकून. नियम म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. "त्याचं पाहणी शुल्क वेगळं. आणि साहेब, नगरपालिकेच्याच मालमत्तेबद्दल तक्रार असेल तर शुल्क दुप्पट ठेवावं. आपल्याच संस्थेला नावं ठेवायची म्हणजे काय!"

"ठेवा दुप्पट," त्र्यंबकराव म्हणाले. "आणि कुणालाही सूट नाही. अगदी कुणालाही."

पोहे आले.

आता, नवा नियम करायचा तर आधी लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. पोतनीसांनी रीतसर सूचना लावली. दुसऱ्याच दिवशी एक शाळामास्तर तावातावानं हरकत घेऊन आले. पोतनीस शांतपणे म्हणाले, "गुरुजी, हरकत म्हणजे तक्रारच की. शुल्क भरा. आणि ही नगरपालिकेच्या नियमाबद्दल आहे, म्हणजे दुप्पट."

"अहो, पण नियम अजून लागू कुठे झालाय?"

"तो लागू होऊ नये म्हणूनच आलात ना तुम्ही? मग त्याच्याच हिशेबानं चालावं लागेल."

मास्तरांनी कपाळावर हात मारला आणि ते घरी गेले. एकही हरकत आली नाही, असं नोंदवून नियम लागू झाला. धन्य आहे त्या नगरपालिकेची!

पुढच्या सोमवारी ओसरीवर दोन जण आले. त्याच्या पुढच्या सोमवारी कुणीच नाही. त्र्यंबकरावांनी गरम चहा गरम असतानाच प्यायला, कितीतरी दिवसांनी. डोकं दुखलं नाही. त्यांनी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

"बघा पोतनीस," ते म्हणाले, "शहरात काही दुःखच उरलं नाही."

पोतनीसांनी नगरपालिकेच्या दारावर पाटी लावली, 'तक्रारमुक्त शहर'. आजूबाजूचे अध्यक्ष ती पाटी बघायला आले. त्यांना चहा पाजला, नारळ दिले, फोटो निघाले. तेव्हा बाजारातला दिवा बंद होता आणि देवळामागची गटार तुंबली होती. पण पाटीवर रंग ताजा होता. लोक गटारीवरून उडी मारून जात आणि गप्प बसत.

टेकडीवर धोंडाबाई शेळ्या चारायची. फाल्गुनात सगळी टेकडी वाळून पिवळी झाली, पण टाकीच्या पायाशी हिरवंगार गवत उगवलं. शेळ्या तिथून हलेनात. धोंडाबाईनं वाकून पाहिलं. पायातल्या दगडांमधून पाणी झिरपत होतं, आणि पाण्याबरोबर माती येत होती. ती शेळ्या तशाच सोडून तडक नगरपालिकेत आली.

"तक्रार आहे?" पोतनीसांनी विचारलं.

"तक्रार न्हाई बाबा. नुसतं सांगायचं हाय."

"कशाबद्दल?"

"टाकीबद्दल."

"टाकी नगरपालिकेची. दुप्पट शुल्क."

"अरे पण मी मागत न्हाई काई! सांगायला आलेय मी! पाणी तुमचंच हाय, माझं काय जातंय?"

"मावशी, सांगणं म्हणजेच तक्रार."

धोंडाबाईचा पारा चढला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. आत त्र्यंबकराव खुर्चीत बसले होते, हातात कपबशी. ती दारातूनच ओरडली, "रावसाहेब! अवो रावसाहेब!"

त्र्यंबकरावांनी वर पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. बाई घामाघूम झाली होती, काहीतरी महत्त्वाचं असावं, हे त्यांना दिसलं. खरोखर दिसलं. त्यांच्या मनात आलं, बोलवावं आत. पण लगेच दुसरंही मनात आलं. हिचं फुकट ऐकलं, तर उद्या वामन शिंपी कोंबडा घेऊन हजर होईल. परवा सगळी ओसरी भरेल. पुन्हा ते डोकं, पुन्हा तो ताप. नको रे बाबा!

"पोतनीस," ते म्हणाले, "नियमाप्रमाणे करा." आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

धोंडाबाईनं पदरानं घाम पुसला. मग म्हणाली, "बरं. मग मी काई बगितलंच न्हाई." ती शेळ्यांकडे परत गेली.

पुढे ते गवत पुष्कळांनी पाहिलं. गुराख्यांनी पाहिलं, फिरायला जाणाऱ्यांनी पाहिलं. पाणी सोडणारा नगरपालिकेचाच माणूस, त्यानंही पाहिलं. त्यानं पोतनीसांजवळ नुसता विषय काढला, तर शुल्क पगारातून कापू का, असं त्यांनी विचारलं. तोही गप्प झाला.

चैत्रात एका गुरुवारी सकाळी त्र्यंबकराव तोंड धुवायला नळाशी गेले. नळातून गढूळ पाणी आलं. मग नुसता चिखल आला. मग हवा सूं सूं करत राहिली.

"हा काय प्रकार आहे!" ते गरजले. तोंडाला दंतमंजन तसंच, खांद्यावर पंचा तसाच, ते तरातरा नगरपालिकेत पोचले. "पोतनीस! नळाला चिखल येतोय!"

पोतनीसांनी सवयीनं पावतीपुस्तक पुढे ओढलं. "टाकीबद्दल ना? दुप्पट शुल्क, साहेब."

"अहो, मी अध्यक्ष आहे!"

"कुणालाही सूट नाही, असं आपणच म्हणाला होता. अगदी कुणालाही."

त्र्यंबकरावांचे डोळे लाल झाले. त्यांनी पैसे मागवून टेबलावर आपटले. पोतनीसांनी ते नीट मोजले, पावती फाडून दिली आणि म्हणाले, "सोमवारी आपली तक्रार अध्यक्षांपुढे ठेवतो."

"अरे, अध्यक्ष तुझ्यासमोर उभा आहे!"

"आज गुरुवार आहे, साहेब."

त्र्यंबकरावांनी ती पावती चोळामोळा करून फेकली आणि ते टेकडीकडे धावत सुटले.

वर माणसं जमली होती. टाकीची एक भिंत पायापासून उकलून बाहेर पडली होती. सगळं पाणी रात्रीतून उतारानं वाहून गेलं होतं. आत तळाशी चिखल आणि दोन बेडूक उरले होते. शेळ्या मात्र गवत खात होत्या.

त्र्यंबकरावांनी जमलेल्यांतल्या एका गवंड्याला पाया बघायला सांगितलं. गवंडी पाया बघून आला आणि म्हणाला, "रावसाहेब, ही झीज बऱ्याच दिवसांची आहे. सुरुवातीला कळलं असतं तर चार पाट्या सिमेंटात भागलं असतं. आता नवीच बांधावी लागणार."

"कधीपासून गळत होती?" त्र्यंबकरावांनी जमलेल्या लोकांना विचारलं.

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"अरे बोला ना! तुमच्या डोळ्यांसमोर माझी टाकी गेली, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही?"

वामन शिंप्यानं घसा खाकरला. "बोलायचं म्हणजे... रावसाहेब, टाकीबद्दल दुप्पट आहे."

तो चेष्टा करत नव्हता. खरंच घाबरून बोलत होता.

तेव्हा धोंडाबाई पुढे आली. "मी आलते रावसाहेब," ती म्हणाली. "शिमग्याच्या आदी. तुमी चा पीत व्हता. तुमी माज्याकडं बगितलं व्हतं."

त्र्यंबकरावांनी मान खाली घातली. त्यांना सगळं आठवलं. चहाचा तो घोटसुद्धा आठवला.

त्या उन्हाळ्यात उंबरटेकच्या बायका पुन्हा ओढ्यावर जायला लागल्या. पहिल्याच दिवशी वत्सलाबाईंनी माळ्यावरची घागर काढली, चिंच लावून घासली आणि अधू हात सावरत त्या चढण उतरल्या. त्र्यंबकराव दारात उभे होते. त्या ओढ्यावरून परत येईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. वत्सलाबाई भरलेली घागर घेऊन आल्या, धापा टाकत त्यांच्या शेजारून आत गेल्या.

"वत्सला," ते म्हणाले, "बोल ना काहीतरी. शिव्या दे."

त्या घागर उतरवत म्हणाल्या, "माझी काही तक्रार नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः घागर घेऊन ओढ्यावर जायला लागले.

त्यांनी नियम रद्द करायला सांगितला. पोतनीस म्हणाले, "रद्द करायचा तर हरकती मागवाव्या लागतील, साहेब. आणि हरकतीला शुल्क—" पण त्र्यंबकरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच राहिलं. नियम त्याच दिवशी रद्द झाला. त्या सभेला पोहे नव्हते. पाटी उतरवली, ती शेळ्यांच्या गोठ्याला फळी म्हणून गेली.

मग त्र्यंबकराव सोमवारी ओसरीवर जाऊन बसले. कुणी आलं नाही. पुढच्या सोमवारी बसले, तेव्हाही नाही. गप्प बसायची सवय लोकांना लवकर लागते, सुटता सुटत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ते हाका मारायचे, "या हो, बसा! काही त्रास आहे का?" लोक हात जोडून म्हणायचे, "सगळं छान आहे रावसाहेब," आणि पुढे व्हायचे. डोकं अजिबात दुखत नव्हतं, आणि त्यांना ते सहन होत नव्हतं.

आषाढ लागला तेव्हा एका सोमवारी वामन शिंपी रस्त्यावर घुटमळला. दोनदा पुढे गेला, दोनदा मागे आला. शेवटी ओसरीच्या पायरीवर टेकला.

"रावसाहेब," तो चाचरत म्हणाला, "तो कोंबडा..."

त्र्यंबकरावांच्या कपाळाची शीर लगेच उडायला लागली. पुन्हा तो कोंबडा! पण डोळ्यांत पाणीही आलं. ते उठले, स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि आत ओरडले, "पोतनीस, दोन चहा पाठवा!" मग कपाळ दाबून धरत ते पायरीवर बसले.

"सांगा वामनराव," ते म्हणाले. "किती वाजता आरवतो? अगदी सगळं सांगा."

तात्पर्य: ज्याला दहा जणांची फुकाची किरकिर सोसवत नाही, त्याच्यापर्यंत अकराव्याची कामाची गोष्ट पोचत नाही, आणि लोक गप्प झाले म्हणजे सुखी झाले, असं कारभाऱ्यानं कधीही समजू नये.