सरदारांची गडाची वारी

सरदार रायाजीरावांचं पोट एवढं सुटलं की घोड्यावर बसवायला चार माणसं लागू लागली. वैद्य केसोपंतांनी नाडी पाहिली आणि सांगितलं, "सरकार, औषध एकच. रोज सकाळी गडावरच्या देवीला जायचं. एक दिवसही चुकवायचं नाही."

सरदारांनी खरोखरच नेम चुकवला नाही. पण सहा महिन्यांनी अंगरखा आणखी तंग झाला. त्यांनी पंतांना भर दरबारात बोलावलं.

"पंत, पावसातही आम्ही गड चुकवला नाही. तरी एक बोट कमी झालं नाही. तुमचा उपचार खोटा निघाला. वैद्यकी सोडा आणि गाव सोडा."

पंत शांतपणे म्हणाले, "उपचार खोटा नाही, सरकार. गुण आलेला मी दाखवतो. फक्त मेण्याच्या भोयांना बोलवा."

भोई आले. पूर्वी वाड्यावर बसून खाल्ल्याने गोल झालेली ती माणसं आता वेतासारखी सडसडीत दिसत होती.

पंत म्हणाले, "गड जे चढले, त्यांना गुण आला. सरकार तर मेण्यात बसून होते."

सगळ्यांत आधी हसले ते सरदारच.

दुसऱ्या दिवशी ते पायी निघाले. दर वळणावर बसत दुपारी देवीपाशी पोहोचले. त्या दिवशी जेवताना त्यांनी दुसरा लाडू मागितला नाही, कारण मागायला दमच उरला नव्हता.