तोनकोची टाळी

समुद्रकाठी बोटी बांधणाऱ्यांचं एक गाव होतं, आणि त्या गावाला वेड होतं फुटसालचं. फुटसाल म्हणजे छपराखालचा फुटबॉल. दर संघाचे पाचच गडी मैदानात, आणि खेळ चालू असताना हवे तितक्या वेळा गडी बदलता येतात.

गावाच्या क्लबची एक रीत होती. दमलेल्या गड्याला कुणी बाहेर बोलवायचं नाही. त्यानं आपणहून बाकाकडे धावत यायचं, बसलेल्या गड्याला टाळी द्यायची आणि त्याच्या जागी बसायचं. खेळणारे पाय सदा ताजे! या रीतीवर क्लबनं देशातले सगळे करंडक घरी आणले. शेवटी युरोपच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. एकच सामना: जिंकलं तर पुढची फेरी, हरलं तर घरची वाट.

कप्तान होता तोनको. वय छत्तीस, गुडघे कुरकुरणारे. असा सामना आपल्या नशिबी पुन्हा नाही, हे तो पुरतं जाणून होता.

क्रीडागृहात पाऊल टाकलं आणि सगळे माना वर करून बघतच राहिले. अबब! केवढं ते छप्पर, केवढा तो उजेड! आख्खं गाव आणून बसवलं असतं तरी एक कोपरा भरला नसता. आणि समोर साक्षात युरोपचे विजेते! चेंडू जणू त्यांच्या पायाला डिंकानं चिकटवलेला. तोनकोच्या अंगावर काटाच आला.

खेळ सुरू झाला. गावानं पहिला गोल केला, विजेत्यांनी बरोबरी साधली. तोनकोला धाप लागली. बाकावर त्याचा बदली गडी फ्राने बुटाच्या नाड्या आवळून तयार होता, पण तोनको तिकडे बघेल तर शपथ! 'एवढ्यात कसा जाऊ? आणखी थोडं खेळतो.' कप्तानच हलेना म्हटल्यावर बाकीचेही हलेनात. सगळ्यांनाच त्या उजेडात राहायचं होतं. शेवटी व्हायचं तेच झालं. तोनकोच्या थकल्या पायातून चेंडू सुटला आणि विजेत्यांनी दुसरा गोल मारला.

मध्यंतरात फ्राने प्रशिक्षकांना म्हणाला, "शिमे मास्तर, त्याला बाहेर घ्या की!"

"मी बोलावलं तर बाकावर नुसतं त्याचं अंग येईल, मन मैदानातच राहील," मास्तर म्हणाले. "त्याचं त्याला कळू दे."

तोनकोनं ते ऐकलं. शरमेनं त्याचे कान तापले. खेळ पुन्हा सुरू झाला आणि पहिल्याच धावेत पाय जड पडले. त्यानं एकदा त्या झगमगाटाकडे मनसोक्त पाहून घेतलं आणि सरळ बाक गाठला.

"जा रे फ्राने, माझं झालं!" म्हणत त्यानं खणखणीत टाळी दिली.

मग काय विचारता! टाळ्यांवर टाळ्या वाजू लागल्या. एक गडी येतोय, दुसरा सुटतोय! आजवर बाकावर बसला की तोनकोचं लक्ष आपल्या पुढच्या पाळीवर असायचं. आज त्यानं पहिल्यांदा नुसतं पाहिलं. हा आपला संघ? इतका देखणा? तो आ वासून बघत राहिला. विजेते धापा टाकू लागले. गावानं बरोबरी साधली, आणि अगदी शेवटच्या क्षणी फ्रानेनं चेंडू जाळ्यात घातला.

गावी परतल्यावर बंदरावर एका म्हातारीनं विचारलं, "काय रे तोनको, तो गोल झाला तेव्हा तू होतास कुठे?"

"बाकावर, आजी!" तोनको छाती फुगवून म्हणाला. "सगळ्यात छान तिथूनच दिसला."

तात्पर्य: मानाची जागा मिळवतो तो मोठा खरा, पण वेळ झाली की ती आपणहून दुसऱ्याला देतो, तो त्याहून मोठा.