हैबतीनं पंचायत हलवली

उंबरदरी गावच्या ग्रामपंचायतीत हैबती नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे कसा? 'जरा इकडे कान दे' म्हटलं की आपला कान चाचपून बघायचा. निघतोय का ते.

पण गडी मनाचा मोठा. चूक झाली की दुसऱ्यावर ढकलायचा नाही. आपल्याच डोक्यात टपली मारायचा आणि म्हणायचा, "हैबत्या, लेका, डोकं आहे का भुशाचं पोतं?"

तर या गावात माणसं कमी आणि इमारती फार. वाचनालय निराळं, अंगणवाडी निराळी, तालीम निराळी, गुरांचा दवाखाना निराळा. प्रत्येक सरपंचानं आपली आठवण म्हणून एकेक बांधून ठेवलेली. सगळ्या गळायला लागल्या, तेव्हा पंचायतीनं ठरवलं, नव्या सभागृहात सगळं एकत्र आणायचं.

सरपंच गोदाबाईंनी हैबतीला बोलावलं.

"हैबती, इमारती एक झाल्या की शिपाईही एकच लागणार. उद्या तालुक्याचे साहेब बघायला येणार आहेत. तोवर काम नीट केलंस तर तो शिपाई तू. नाहीतर घरी. समजलं?"

"समजलं, बाई."

"मग जा. आधी वाचनालय हलव."

हैबती गेला. कपाटाला दोन्ही हातांनी धरलं आणि गदागदा हलवलं. मग दुसरं हलवलं. पुस्तकं धडाधड खाली. वाचायला बसलेले अण्णा मास्तर टेबलाखाली शिरले, ते तिथूनच ओरडले, "भूकंप! भूकंप!"

गोदाबाई धावत आल्या. "अरे, हलव म्हणजे उचलून तिकडे ने! नेलं की पुसायचं, उंचीप्रमाणे लावायचं, कपाटात नीट उभं करायचं!"

हैबतीनं डोक्यात टपली मारली. "हैबत्या, लेका, डोकं आहे का भुशाचं पोतं? पुसायचं, उंचीप्रमाणे लावायचं, कपाटात उभं करायचं. आता नाही चुकायचा."

पुस्तकं गेली. मग अंगणवाडीची पाळी आली. हैबतीनं पोरं उचलून नेली. एकेकाचं नाक पुसलं, उंचीप्रमाणे लावलं आणि कपाटात उभं केलं. लहान वरच्या फळीवर, मोठी खालच्या. पोरांना भलतीच मजा वाटली. अंगणवाडीच्या लीलाताई आल्या तर सभागृहात एकही पोर नाही आणि कपाट खिदळतंय!

"अहो हैबतीभाऊ, हे काय? इथं आलं की चटईवर निजवायचं, थोपटायचं, अंगाई म्हणायची!"

"चुकलंच, ताई." डोक्यात टपली. "निजवायचं, थोपटायचं, अंगाई म्हणायची. आता नाही चुकायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तालीम आली. पुढं रावबा वस्ताद, मागं मिशीवाले पैलवान. हैबतीनं चटया अंथरल्या.

"निजा."

वस्तादाला वाटलं, पंचायतीनं नवा व्यायाम काढला असेल. निजला. हैबती मांडी घालून बसला, त्याच्या छातीवर थोपटत गाऊ लागला, "निज रे बाळा, निज रे..." एक पैलवान घोरायलाही लागला. वस्तादानं डोळे उघडले आणि गर्जना केली.

"अरे, एवढा मल्ल आल्यावर गळ्यात हार घालावा, माइकवर नाव पुकारावं, टाळ्या वाजवाव्या! अंगाई कसली म्हणतोस?"

"पोतंच आहे, वस्ताद. भुशाचं." टपली. "हार, माइक, टाळ्या. आता नाही चुकायचा."

साहेबांची वेळ झाली. व्यासपीठ सजलं. सगळं गाव बाहेर मांडवात बसलं. तेवढ्यात गुरांच्या दवाखान्यातला वळू आला. केवढा थोरला! हैबतीनं साहेबांसाठी आणलेला हार त्याच्या गळ्यात घातला, त्याला व्यासपीठावर चढवलं आणि माइक तोंडापुढे धरला.

"मंडळी, आले आहेत आपले वळूराव! दोन शब्द बोलतील!"

वळू हंबरला. भोंग्यातून आवाज गावभर गेला. मांडवातल्या मागच्या लोकांना दिसत नव्हतं. साहेबांचं भाषण सुरू झालं म्हणून त्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "मागच्या साहेबांपेक्षा बरा बोलतो. थोडक्यात आटपतो."

गुरांचे डॉक्टर घामाघूम होऊन आले. "गाढवा! असं मोठं धूड दारात आलं की सरळ दावं धरायचं, बाहेर खुंट्याला बांधायचं, पुढ्यात कडबा टाकायचा. आणि कितीही ओरडलं तरी सोडायचं नाही!"

हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरी आता जाणार, हे त्यालाही कळत होतं. त्यानं डोक्यात चांगली दणकून टपली मारली. "हैबत्या, आता शेवटचं. दावं, खुंटा, कडबा. ओरडलं तरी सोडायचं नाही."

डॉक्टर वळूला घेऊन मागच्या दारानं गेले. आणि पुढच्या दारात साहेब उतरले. चांगले भरदार, धिप्पाड. दावं दिसेना, पण गळ्यात लांब मफलर होता. हैबतीनं तोच धरला.

"अरे, अरे! मी साहेब आहे!"

"ओरडा. सोडायचं नाही."

आत गोदाबाई नवा हार शोधत होत्या. त्या बाहेर आल्या तर साहेब खुंट्याला बांधलेले, पुढ्यात कडब्याची पेंढी. त्यांनी धावत जाऊन गाठ सोडली. हात जोडले, पाया पडल्या. साहेब लालबुंद झाले होते.

"बंद करा हा तमाशा! काही एकत्र करायचं नाही! जे जिथं होतं, ते तिथंच परत न्या. आत्ताच्या आत्ता!"

हुकूम कानावर पडताच एकटा हैबती पुढं झाला. त्यानं अदबीनं मफलर धरला.

"चला साहेब. तुम्ही खुंट्याला होता."