मंद दिव्याची गाडी

"म्हणजे तुम्ही बॉनेटसुद्धा उघडणार नाही?" इंद्रजितनं विचारलं.

अप्पा ओल्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग त्याच्यापुढे धरली.

"मला शेंग नको अप्पा. मला दिवे हवेत."

अप्पांनी ती शेंग स्वतःच फोडून खाल्ली.

घाटाच्या पायथ्याशी अप्पांची पत्र्याची शेड होती. चाळीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला होता. आता ते बसून असायचे. शेडवर पाटी नव्हती, तरी घाटात पहिल्यांदा गाडी घालणाऱ्या ड्रायव्हरला त्याचा मालक आधी इथं पाठवायचा. ड्रायव्हर तासभर अप्पांजवळ बसायचा आणि मग वर जायचा. तिथं काय शिकवतात, हे कुणालाच नीट सांगता यायचं नाही.

इंद्रजितला शिकायचं नव्हतं. तो एम. ए. होता. त्याला सातच्या आत झोरेवाडीला पोहोचायचं होतं.

एकोणीस वर्षांची जुनी गाडी त्यानं स्वतःच्या पैशानं घेतली होती. मागचं सीट काढून तिथं पुस्तकांची चौदा खोकी रचली होती. आठवडाभर तो डोंगरातल्या नऊ वाड्यांवर फिरायचा. वाडीतली माणसं दिवसभर रानात असतात, म्हणून त्याचं ग्रंथालय दिवेलागणीला उघडायचं. त्यामुळे दिवे नाहीत तर ग्रंथालय नाही, इतका साधा हिशोब होता.

आणि दिवे पहिल्यापासूनच मंद होते.

गेल्या गुरुवारी झोरेवाडीच्या खालच्या वळणावर ठकूबाई झोरे डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन येत होत्या. त्या दिसल्या तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानं ब्रेक दाबला. बंपरचा धक्का लागला, बाई गटारीत पडल्या. मनगट मोडलं. त्यांना दवाखान्यात त्यानंच नेलं, प्लॅस्टर होईपर्यंत तिथं तोच बसून होता. पण दुसऱ्या दिवशी वाडीची बैठक बसली आणि त्याला निरोप आला. पुढच्या गुरुवारी दिवे नीट करून यावं. नाहीतर गाडी पुन्हा वर आणू नये.

आज तो गुरुवार होता.

हे सगळं त्यानं अप्पांना एका दमात सांगितलं. मग चार गॅरेजांची यादी सांगितली. पहिल्यानं बल्ब बदलले. दुसऱ्यानं त्याहून जास्त ताकदीचे घातले. तिसऱ्यानं बॅटरी आणि वायरिंग नवीन टाकलं. चौथ्यानं काचा घासून आरशासारख्या केल्या. प्रत्येक जण दिवे लावून दाखवायचा आणि म्हणायचा, साहेब, एकदम ओके. आणि प्रत्येक वेळी घाटात गाडी घातली, की पुढचा रस्ता काळा ठिक्कर.

"चौघंही चोर आहेत," इंद्रजित म्हणाला.

अप्पांनी टरफलं एका बाजूला सारली.

"ती बाई काय म्हणाली?"

"कोण बाई?"

"पडली ती."

इंद्रजितनं घड्याळ पाहिलं. "त्याचा दिव्याशी काय संबंध?"

अप्पांनी पुढची शेंग फोडली.

"म्हणाल्या, डोळ्यांवर उजेड आला, काही दिसेना, म्हणून जागीच उभी राहिले." तो चिडून हसला. "आता तुम्हीच सांगा. ज्या दिव्यात मला त्या दिसल्या नाहीत, त्या दिव्यानं म्हणे त्यांचे डोळे दिपले. वय झालंय त्यांचं. मी काही वाद घातला नाही."

"समोरनं येणारे ट्रकवाले?"

"ते तर रोज माझ्या तोंडावर डिपर मारतात. शिव्या देतात."

"का?"

"का म्हणजे? माज. दुसरं काय?"

"हां." अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. "गॅरेजवाले चोर, ट्रकवाले माजलेले, म्हातारी आंधळी. एकटा तू तेवढा बरोबर बघतोस."

इंद्रजितचा चेहरा लाल झाला. पण सात वाजायला फार वेळ उरला नव्हता, आणि घाटाखाली दुसरं कुणीही नव्हतं.

अप्पांनी त्याला गाडी शेडच्या आत, लांबच्या भिंतीकडे तोंड करून लावायला सांगितली. त्यानं लावली. उतरला आणि मागचं दार उघडून पहिल्या खोक्याला हात घातला.

"काय करतोस?"

"खोकी उतरवतो. गॅरेजमध्ये नेहमी आधी उतरवून ठेवतो. पुस्तकांना ग्रीसचे हात लागतात."

"चारी ठिकाणी उतरवलीस?"

"चारी ठिकाणी."

अप्पांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"राहू दे आत."

मग त्यांनी शेडच्या तोंडावरची ताडपत्री सोडली. आत अंधार झाला. इंद्रजितनं दिवे लावले.

"काय दिसतं?"

"स्विचबोर्ड."

"अजून?"

"पाल आहे एक. स्विचबोर्डाच्या बाजूला."

"रस्ता?"

"भिंतीवर रस्ता कुठनं दिसणार अप्पा?" त्याचा आवाज चढला होता. "तुम्ही मीटर लावा. व्होल्टेज बघा. काहीतरी करा."

अप्पांनी कोळशाचा तुकडा घेतला. भिंतीवर जिथं उजेडाची वरची कड संपत होती, तिथं एक आडवी रेघ ओढली. सावकाश, सुताराच्या हातानं ओढावी तशी.

"आता उतरव."

"काय?"

"खोकी."

"आत्ताच तुम्ही म्हणालात, राहू दे."

"आता म्हणतोय, उतरव. एकेक करून. दिवा चालू राहू दे."

पहिलं खोकं कोशांचं होतं. त्याला ते उचलताना नेहमीच पाठीत कळ यायची. त्यानं ते भिंतीकडे पाठ करूनच खाली आपटलं. मागं कोळसा खरखरला. दुसरं चरित्रांचं. खरखर. तिसरं अर्थशास्त्राचं, चौथं विचारवंतांच्या समग्र लेखनाचं, पाचवं त्याच लेखनाच्या उरलेल्या खंडांचं. पत्रा दिवसभर तापलेला होता. शर्ट पाठीला चिकटला. सहाव्या खोक्यावर तो बसला.

"तुम्ही माझी परीक्षा घेताय का?"

"न्हाई."

"मग हा काय प्रकार आहे? माझ्याकडे वेळ नाही. वर माणसं वाट बघतायत. मी काही इथं ज्ञान घ्यायला आलेलो नाही."

"दिसतंय की."

"काय दिसतंय?"

"ज्ञान घ्यायला आलेला न्हाईस ते. आठ राहिली."

तो उठला. सातवं. आठवं. प्रत्येक खोक्यामागं कोळशाची ती खरखर त्याच्या डोक्यात जात होती. नववं खोकं त्यानं ठेवलं आणि म्हातारा भिंतीवर काय खेळ मांडून बसलाय ते एकदा बघावं म्हणून वळला.

भिंतीवर एकाखाली एक दहा रेघा होत्या. बोटाबोटाच्या अंतरावर.

स्विचबोर्ड अंधारात गेला होता. उजेडाची कड त्याच्या वीतभर खाली आली होती. पालसुद्धा किड्यांमागं तेवढीच खाली उतरली होती.



इंद्रजितनं नववं खोकं पुन्हा उचललं आणि गाडीत ठेवलं. मागची चाकं किंचित दबली. भिंतीवरचा उजेड एक बोट वर चढला. त्यानं खोकं काढलं. उजेड एक बोट खाली आला. त्यानं पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. तीन वेळा.

मग राहिलेली पाचही खोकी त्यानं भराभर उतरवली. आता उजेड भिंतीच्या पायथ्याशी, अप्पांच्या चपलांपर्यंत पसरला होता. चपलेचा तुटलेला अंगठा लख्ख दिसत होता. दिवा जराही मंद नव्हता. चौघांनी मिळून त्याचा पार सूर्य करून ठेवला होता.

"म्हणजे त्या बाई..." तो म्हणाला.

अप्पा कोळशाचे हात पुसत होते.

"त्या खरंच बोलत होत्या. उजेड सगळा त्यांच्या डोळ्यांत जात होता. आणि खाली रस्त्यावर..."

तो बॉनेटला टेकून उभा राहिला. बराच वेळ.

पण इंद्रजित हुशार होता आणि हुशार माणसाला फार वेळ गप्प बसवत नाही. त्याचा चेहरा हळूहळू पुन्हा उजळला. मग तर सोपंच आहे, तो म्हणाला. दिव्याच्या मागं स्क्रू असतो, तो पिळला की दिवा खाली झुकतो. मागं वजन आहे एवढं धरून दिवा तेवढाच खाली वळवायचा. पाच मिनिटांचं काम. खोकी परत भरायची आणि निघायचं.

अप्पांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला. जणू ते याचीच वाट बघत होते.

इंद्रजित दिव्यापाशी वाकला.

"येताना किती खोकी कमी होतात?" अप्पांनी विचारलं.

"कमी म्हणजे?"

"लोक पुस्तकं घेतात न्हवं? तेवढं वजन कमी होत असणार. मग परतताना दिवा पार जमिनीत घुसंल. म्हणून विचारतो."

स्क्रू ड्रायव्हर थांबला.

"एवढं काही कमी होत नाही," इंद्रजित म्हणाला.

"किती?"

"...ते बारकं खोकं आहे ना, त्यातली जातात. गोष्टींची. शेळ्यांच्या आजारांवरचं एक आहे, त्याला नंबर लागलेले असतात."

"आणि बाकीची तेरा?"

"बाकीची त्यांनी वाचायला हवीत."

अप्पांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात होकार होता की नकार, ते अंधारात कळलं नाही.

"किती वर्षं झाली?"

"तीन."

"तीन वर्षांत त्यातलं एखादं..."

"नाही," इंद्रजित तोडून म्हणाला. तो ताठ उभा राहिला होता. "नाही उतरलं. एकही नाही. पण म्हणून काय मी ती नेणं सोडू? त्यांना शेळ्यांच्या पलीकडचं काही मिळूच नये? आज ना उद्या कुणीतरी हात लावेल म्हणून मी ती तीन वर्षं घाट चढवतोय, पाठ मोडेपर्यंत उचलतोय. आणि तुम्ही म्हणताय टाकून दे."

"मी कुठं म्हणालो?"

"मग काय म्हणताय तुम्ही?"

"स्क्रू पीळ," अप्पा म्हणाले. "ओझं कधी हलणारच नसंल तर एकदा पिळला की झालं. पुन्हा सोडायला लागत न्हाई."

बाहेर एक ट्रक गिअर बदलत घाटाला लागला.

इंद्रजित स्क्रू ड्रायव्हर हातात धरून उभा होता. समोर भिंतीवरच्या रेघा, बाजूला जमिनीवर चौदा खोकी. गाडी रिकामी असल्यामुळे तिचं मागचं अंग विचित्र उंच दिसत होतं, आणि उजेड जमिनीवर अगदी शांत पडला होता. खालच्या वळणावर पोहोचेपर्यंत अंधार झालेला असणार होता. त्या वळणावरून या वेळी कुणी ना कुणी सरपण घेऊन येतच असतं.

त्यानं स्क्रू ड्रायव्हर बॉनेटवर ठेवला.

बारकं खोकं उचलून त्यानं गाडीत ठेवलं आणि भिंतीकडे पाहिलं. उजेड जेमतेम हलला. मग आणखी एक उचललं, चार पावलं गेला, थांबला, ते खाली ठेवलं. दुसऱ्याला हात लावला. तेही ठेवलं. कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला खोकी भरता येईनात.

"तुम्हीच सांगा अप्पा," तो वैतागून म्हणाला, पण आवाजात आता पहिला ताठा नव्हता. "यातलं कुठलं नेऊ आणि कुठलं इथं ठेवू?"

अप्पांनी ताडपत्री वर गुंडाळली आणि पुन्हा शेंगांपाशी जाऊन बसले.

"मला काय विचारतोस, पोरा..." ते म्हणाले. "मला वाचता येत न्हाई."