परातीतला राजा आणि तीन ओंजळी खपली

एक होता राजा, आणि तो एकदा सिंहासनावरून सांडला. पडला नाही रे, सांडला! कणीक फार सैल झाली की कशी ओघळते, तसा. मी ऐकलं तेव्हा माझाही तुमच्यासारखाच आ वासला होता.

त्याचं असं झालं, की या राजाला सगळं मऊ आणि पांढरं लागे. नाचणी काळी म्हणून बंद. राळा बारीक म्हणून बंद. आणि खपली? खपली म्हणजे जुना गहू, बरं का. टरफल असं घट्ट धरून बसतो, की उखळात कांडल्याशिवाय सोडत नाही. तीही बंद. राज्यात उरलं फक्त पांढरं पीठ, शिंकलं की उडणारं. बारा वर्षं राजाने त्याचाच पाव खाल्ला, तोही दुधात बुडवून.

मग एके सकाळी न्हाव्याने गालाला बोट लावलं, तर बोट आत! मग कान लांबत लांबत खांद्यावर आले. मग भर दरबारात तो सांडला. प्रधान किंचाळला, "अरे धरा! महाराज पायऱ्यांवरून चालले!" चौघांनी त्याला परातीत गोळा केलं. वैद्यांनी नाडी शोधली, सापडेचना. म्हणाले, "तीन दिवसांत घट्ट झाले नाहीत, तर मोरीतून वाहून जातील."

राणी धावत हौसाक्काकडे गेली. ही राजवाड्यातली जुनी स्वयंपाकीण, खपली शिजवते म्हणून हाकललेली. तिच्याकडे एक कणगी खपली उरली होती, जगातली शेवटची.

"हौसाक्का, माझा नवरा परातीत आहे गं!"

"बाईसाहेब, ही पेरायला ठेवलीय. खाऊन संपली तर परत उगवायची न्हाई. तीन ओंजळी देते. चौथी मागायची न्हाई."

पहिली ओंजळ आचाऱ्यांनी टरफलासकट दळली. राजाला असा ठसका लागला, की तो भिंतीवर उडाला. उलथन्याने खरवडून काढावा लागला! मग दुसरी. ती इतकी चाळली, इतकी चाळली, की परत पांढरं पीठच उरलं. ते खाऊन राजा परातीच्या काठावरून ओघळू लागला.

मग हौसाक्का स्वतः आली. तिसरी ओंजळ तिने ओली केली, कांडली, पाखडली, भिजवली आणि गूळ घालून खीर रटरटत ठेवली. वास सुटला, आणि परातीतून राजाचं नाक सोंडेसारखं चुलीकडे निघालं! राणी चक्कर येऊन पडली.

"चावा," हौसाक्का म्हणाली.

"चावा म्हणजे काय करायचं?" राजाने विचारलं. बारा वर्षं चावलं कुठे होतं!

मग एकेक दाणा चावत गेला. मग हनुवटी वर आली, मग मान, मग पाठ. संध्याकाळी तो उभा राहिला आणि गरजला, "अजून हवी! ती कणगी उचलून आणा!"

सगळे गार पडले. कणगी गेली म्हणजे खपली गेली. हौसाक्का मात्र जागची हलली नाही.

"न्या की. आज पोटभर खावा. पुढल्या महिन्यात सांडला, तर मला बोलवू नका. कणगीत काय असंल? झुरळं."

राजाने एकदा कणगीकडे पाहिलं, एकदा परातीकडे. तोंडाला पाणी सुटलेलं, बरं का. मग त्याने बियाण्याची पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि थेट शेतात गेला. पेरणी केली त्याने, त्या राजाने! तळहाताला फोड आले, ते राणीला दाखवत सुटला. मग चार महिने भाजलेले हरभरे कुडुमकुडुम चावत बांधावर बसून राहिला.

शेत पिकलं. मग लोकांनीही लपवलेली नाचणी-राळ्याची गाडगी बाहेर काढली. भट्टीवाल्याने खपलीचा पाव भाजला, घरोघरी नाचणीची आंबील आंबली. पण राजाने खिरीला हात लावला नाही. आधी पुढच्या पेरणीचं बी वेगळं काढलं, आणि मगच पंगतीत शेवटी बसला.

ते सगळे सुखात राहिले, भरल्या पोटी निजले. आता तुम्हीही मिटा डोळे. आणि ए, तोंडातलं बिस्कीट चावून मग झोप.